‘व्हॉल्टेड सीलिंग’ म्हणजे घुमट नव्हे, तिजोरी तर नव्हेच

शाहूपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय: ‘घरसजावटीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. त्यात व्हॉल्टेड सीलिंग आलंय. मशीननं “तिजोरीचे छत” दिलं, ते खोडून मी “घुमटाकार छत” केलं. चालेल का?’

ताई, मशीन चुकलं खरं, पण त्या चुकीमागं एक वाट आहे. ‘व्हॉल्ट’चं मूळ लॅटिनमधल्या ‘वळणे, गुंडाळणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. वळवून बांधलेलं छत ते व्हॉल्ट. युरोपात तळघरांना अशी छतं असत, म्हणून तळघरालाच व्हॉल्ट म्हणू लागले. मोलाच्या वस्तू तळघरात ठेवायच्या, म्हणून पुढं बँकेतली ती जाड दाराची खोलीही व्हॉल्ट झाली. मशीननं शेवटची पायरी तेवढी उचलली.

तुमच्या ‘घुमटाकार’वर मात्र माझी हरकत आहे. कमान हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ धनुष्य. तीरकमान आपण अजून म्हणतोच. ही कमान जागच्या जागी गरागरा फिरवली की घुमट होतो, उलट्या घातलेल्या कढईसारखा. तीच कमान सरळ मागं ओढत नेली की व्हॉल्ट. बैलगाडीवर बांबू वाकवून ताडपत्री टाकतात ना, आत बसून वर बघा, तो व्हॉल्ट. (घुमट शब्दाचं नातं फारसी ‘गुंबद’शी. ‘आवाज घुमतो म्हणून घुमट’ ही व्युत्पत्ती गोलघुमटात टाळी वाजवल्यावर फार पटते, तरी मी तिच्या नादी लागणार नाही.)

हा फरक एकाच इमारतीत बघायचा तर पन्हाळ्याला अंबरखान्यात जा. गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांतली गंगा सगळ्यांत मोठी. 25,000 खंडी धान्य मावेल एवढी. पूर्वेच्या दारानं शिरलं की आधी लागते ती कमानीच्या छताची खोली, विजापुरी धाटणीचं गिलावकाम असलेली. आतल्या कोठाराला मात्र 16 खण आणि प्रत्येक खणावर एकेक चपटा घुमट. त्या प्रत्येक घुमटाला भोक ठेवलंय, वरून धान्य ओतायला. बाहेरून दोन्ही बाजूंनी माथ्यावर चढणारे जिने आहेत ते त्यासाठीच. बरेच लोक सेल्फी काढून बाहेर पडतात. मान वर केली तर दोन शब्दांमधला फरक फुकटात कळतो.

कमानीच्या छताची एक खोड असते: ते नुसतं खाली दाबत नाही, भिंतींना बाहेर रेटतं. म्हणून भिंती जाडजूड आणि खिडक्या नावापुरत्या. रोमन गवंड्यांनी दोन कमानछतं एकमेकांत काटकोनात घुसवली, तेव्हा भार चार कोपऱ्यांवर गेला आणि मधली भिंत मोकळी झाली. पुढं इंग्लंडात डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये, 1093 साली सुरू झालेल्या कामात, त्या सांध्यांवर दगडी फासळ्या बसवल्या गेल्या. टोकदार कमान आणि बाहेरून दिलेले टेकू यांची जोड मिळाल्यावर गॉथिक चर्चमधल्या त्या उंचच उंच रंगीत खिडक्या शक्य झाल्या.

आपल्याकडची जुनी देवळं या भानगडीत पडली नाहीत. तिथं दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढं सरकवत छत मिटवत आणलेलं असतं. दिसायला घुमटासारखं, पण खऱ्या कमानीतला रेटा त्यात नाही. त्याला शास्त्रातला ‘वितान’ हा सुंदर शब्द आहे. तो तिथंच राहू द्यावा, तुमच्या माहितीपत्रकात नको. कार्ल्याच्या चैत्यगृहासाठी अभ्यासक ‘गजपृष्ठाकृती छत’ म्हणतात, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं. आकार अगदी व्हॉल्टचा, पण ते कोरलेलं. तिथल्या लाकडी फासळ्याही काही पेलत नाहीत, जुन्या लाकडी इमारतींची ती आठवण आहे.

एक गंमत राहिली. आपले स्लॅबवाले ज्याला ‘सेंट्रिंग’ म्हणतात तो शब्द मुळात कमानीचाच. मधला चावीचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तोवर तिला खालून धरणारा लाकडी सांगाडा म्हणजे सेंट्रिंग. आता छत सपाट झालं तरी नाव चिकटून राहिलं. उद्यमनगरात ‘सेंट्रिंगच्या प्लेटा’ भाड्यानं आणायला जाल तेव्हा रोमन गवंड्याला एक नमस्कार करा.

आता तुमचं काम. आधी माहितीपत्रकातला फोटो बघा. छत कमानीसारखं वळलेलं असेल तर ‘कमानीचं छत’ किंवा आटोपशीर ‘कमानछत’. चहूबाजूंनी गोल असेल तरच ‘घुमट’. पण माझा अंदाज आहे की फोटोत कमान नसेलच. अमेरिकेतले घरं विकणारे नुसत्या उंच, उतरत्या छतालाही व्हॉल्टेड म्हणून टाकतात. तसं असेल तर ‘उंच उतरतं छत’ लिहा आणि मोकळ्या व्हा. आपल्या आजीच्या कौलारू घरात माळा घातलेला नसला की खाटेवरून थेट वासे आणि आढं दिसायचं, तेच हे. फक्त आजीला त्याचे जादा पैसे कुणी मोजले नाहीत.