युगांडातल्या खेड्यात आम्हा नवरा-बायकोला प्राथमिक शाळा सुरू करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की हे काम तुम्ही दोघं देवाचं पाचारण मानता, उत्तर युगांडातल्या एका ख्रिस्ती मंडळीनं जागा देऊ केली आहे आणि इमारतीपुरते पैसे जमले आहेत. इमारतीपुरते पैसे म्हणजे शाळेपुरते पैसे नव्हेत. माझं मुख्य सांगणं हेच आहे.

तिथली प्राथमिक शाळा सात इयत्तांची असते, पी-१ ते पी-७, आणि शेवटी पीएलई ही बोर्डाची परीक्षा. पहिल्या वर्षी फक्त पी-१ भरवा आणि दरवर्षी एक वर्ग वाढवा. तुमची पहिली तुकडी सातव्या वर्षी परीक्षेला बसेल. तोपर्यंत दोन शिक्षकांचे आठ-नऊ झालेले असतात. पगार बारा महिने द्यायचा, सुट्टीतही, शिवाय एनएसएसएफ या सरकारी सामाजिक सुरक्षा निधीत मालकाचा १० टक्के वाटा भरायचा. पालकांकडून फी येते ती पीक विकल्यावर, कधी मका-घेवड्याच्या रूपात. म्हणून पूर्ण वर्षाचा पगार बँकेत वेगळा ठेवल्याशिवाय पाया खणू नका. पगार दोन महिने थकला की चांगला शिक्षक वेळेवर पैसे देणाऱ्या शाळेत निघून जातो, त्याच्या मागे मुलं जातात आणि नवी कोरी इमारत रिकामी उभी राहते. सातही वर्ग एकदम उघडले तर पी-५ ला वाचता न येणारी मुलं येतात आणि दोन वर्षांनी त्यांचा निकाल तुमच्या शाळेच्या नावावर लागतो.

त्याआधी जवळच्या सरकारी शाळेत जाऊन या. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षणाला फी नाही, त्यामुळे एकेका वर्गात शंभर मुलं बसलेली दिसणं नवलाचं नाही. अशी शाळा दोन-तीन किलोमीटरवर असेल तर तिथंच वर्गखोल्या आणि शिक्षकांची घरं बांधून देणं मला जास्त मोलाचं वाटतं. आडगावात राहायला खोली नसेल तर शिक्षक टिकत नाही. यातल्या कितीतरी शाळा मुळात कॅथलिक किंवा अँग्लिकन चर्चनंच काढलेल्या आहेत, तेव्हा तिथं काम केल्यानं तुमची सेवा कमी होत नाही.

आता जमीन. उत्तरेत ती बहुतेक कुळाच्या, म्हणजे एका वंशातल्या भाऊबंदांच्या, सामाईक मालकीची असते, सातबारासारखा कागद सहसा नसतो. सरकार आणि एलआरए बंडखोर यांच्यातल्या युद्धाच्या काळात लोक वर्षानुवर्षं छावण्यांत होते. परतल्यावर हद्दींचे वाद उभे राहिले, ते काही ठिकाणी अजून मिटलेले नाहीत. म्हणून ‘पाळकांनी दिली’ एवढ्यावर थांबू नका. कुळातले वडीलधारे, शेजारचे जमीनवाले आणि एलसी-१ म्हणजे गावसमितीचा अध्यक्ष यांना घेऊन हद्द पायी फिरा, मोजणी करा, सगळ्यांच्या सह्या घ्या. कुटुंब ज्या जमिनीवर जगतं ती द्यायला नवऱ्याबरोबर बायकोचीही संमती कायद्यानं लागते. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, फक्त भाडेपट्ट्यानं मिळते, तीही जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी. कागद नोंदणीकृत विश्वस्त मंडळाच्या नावे करा. पाळकांच्या किंवा तुमच्या नावे केलात तर पुढे वारस हक्क सांगायला येतात.

परवान्यासाठी जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं. आधी परवाना, मग नोंदणी, आणि पी-७ येण्याआधी परीक्षा मंडळाचा केंद्र क्रमांक. पी-१ ते पी-३ स्थानिक भाषेत शिकवायचं असतं, अचोली भागात अचोली, लांगोत लांगो. त्या वर्गांना राजधानीचा चटपटीत इंग्रजी बोलणारा शिक्षक नको, गावची भाषा येणारा प्रशिक्षित शिक्षक हवा. छडी २०१६ च्या कायद्यानं बंद आहे, हे नेमणूकपत्रातच लिहा.

बांधकामात छपराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पावसाळ्याच्या तोंडावरची वादळं पत्रे उचलून नेतात. कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, नुसत्या भिंतीवर टेकवू नका, भिंतीवरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यात लोखंडी पट्ट्या आधीच बसवून त्यांना आवळा. पत्रा २८ गेजचा घ्या, ३२ चा स्वस्त पडतो पण पातळ असतो. वीजरोधक लावाच. २०११ मध्ये किर्यांडोंगोतल्या रुन्यान्या प्राथमिक शाळेवर वीज पडून १८ मुलं गेली. शौचालयाचा हिशेब ४० मुलांमागे एक खड्डा, मुलींचे वेगळे, आणि त्यांना धुण्यासाठी आडोसा.

पाण्याचं गणित करून पाहा. दोन वर्गांचं छप्पर साधारण १२८ चौरस मीटर. २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता अडीच हजार लिटर मिळतं, म्हणजे १०,००० लिटरची टाकी चार पावसांत भरते. शंभर मुलांना रोज दोन लिटर धरलं तर ते ५० दिवस पुरतं. पण शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि उत्तरेत डिसेंबर ते मार्च कोरडे जातात. नेमकी तेव्हाच टाकी रिकामी, म्हणून हातपंप हवाच. तिथं सर्रास दिसणारा यू-२ पंप म्हणजे आपला इंडिया मार्क २, आणि त्याचा पूर्वज सोलापूर पंप. घेताना एक बघा: पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात, पाणी लालसर येतं आणि लोक पुन्हा डबक्याकडे वळतात. आधी पाणी तपासा, गरज असेल तर पाइप स्टेनलेस स्टीलचे घ्या.

गावात कॅथलिक, अँग्लिकन, पेंटेकोस्टल, मुसलमान अशी सगळ्यांची मुलं असतील. सकाळी प्रार्थना जरूर घ्या, पण प्रवेशाला आणि पेजेला धर्माची अट नको.

आणि पेज हवीच. मुलामागे ६० ग्रॅम मक्याचं पीठ धरा. शंभर मुलांना रोज ६ किलो, ६० दिवसांच्या सत्राला ३६० किलो. मका सुगीत स्वस्त मिळतो, पण ओला घेतला तर बुरशी धरतो आणि बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा, मग बाटली जरा स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे, ते पोतं परत करा.