स्ट्रीम कळत नसेल तर पाणी डोळ्यांसमोर आण

प्रोग्रॅमिंगमध्ये अ‍ॅरे (सगळा डेटा एकदम साठवलेली यादी) म्हणजे भरलेली टाकी, स्ट्रीम (एकामागून एक येत राहणारा डेटा) म्हणजे नळ. तोटी उघडशील तेवढंच पाणी येतं. लेझी इव्हॅल्युएशनमध्येही, म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशेब करण्याच्या पद्धतीत, मागितलं तेवढंच मोजलं जातं, म्हणून अनंत यादीची भीती वाटायला नको.

ही उपमा जुनी आहे. प्रोग्रॅम बागेतल्या नळीसारखे जोडता यावेत, असं संगणकशास्त्रज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहिलं होतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडण्या, आले १९७३ मध्ये.

खरी गंमत तुंबण्यात आहे, तिथे सावकाश थांब. वरून ओघ जोरात आणि खालचा प्रोग्रॅम संथ असला, की मधला बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची जागा, भरतो. लिनक्सवर तो सहसा ६४ किलोबाइटचा असतो. भरला की लिहिणारा आपोआप थांबतो. बॅकप्रेशर ते हेच! मला हे चित्र दिसेपर्यंत कितीतरी प्रोग्रॅम ‘अडकले’ असंच वाटायचं.

मात्र उपमा फार ताणू नकोस. पाण्याला दोन वाटा दिल्या की ते विभागलं जातं. डेटाची मात्र प्रत करता येते, मग तो दोन्हीकडे पूर्ण पोचतो.

आज एवढंच कर: एकच ओळ न थांबता छापत राहणाऱ्या ‘येस’ कमांडचं आउटपुट पाइपने पहिल्या दहा ओळी दाखवणाऱ्या ‘हेड’ला दे (yes | head). न संपणारा झरा दहा ओळींत का थांबला, ते शोध.