गाड्यांच्या नंबरातली अक्षरं घेऊन लांबलचक इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: फोंडा ते पणजी बसमध्ये तुम्ही आणि मुलगी नंबरप्लेटचा खेळ खेळता. गोव्याची गाडी म्हणजे जी आणि ए ठरलेलेच, पुढे सीरिजचं एक अक्षर. ही तिन्ही अक्षरं त्याच क्रमाने एका इंग्रजी शब्दात आली पाहिजेत, मध्ये काहीही चालेल, आणि ज्याचा शब्द लांब तो जिंकला. पण दोघांचीही गाडी 'गार्डन' नि 'गॅलरी'शीच अडते. एखादं ॲप आहे का?

ॲपचं शेवटी सांगतो. आधी अडतं कुठे ते बघा, कारण आमच्या घरीही हेच व्हायचं. भाचा सुट्टीत आला की हाच रस्ता, हाच खेळ, आणि मी दरवेळी हरायचो.

आपण मराठी माणसं शब्द कानाने शोधतो. देवनागरीत जे लिहिलं ते बोललं, त्यामुळे जी दिसला की डोक्यात 'ग' वाजतो आणि ए दिसला की 'ए' किंवा 'आ'. म्हणून गार्डन, गॅलरी, गेम. इंग्रजीतला जी मात्र निम्मा वेळ 'ज' होऊन फिरतो आणि उरलेल्या वेळात कधी कधी तोंडच उघडत नाही. 'स्ट्रेटफॉरवर्ड' घ्या. ऐकायला त्यात ग नाही की ज नाही, पण स्ट्रेटच्या पोटात जी-एच मुकाट बसलेत. पुढे फॉरवर्डमधला ए, मग आर, मग डी. सीरिज आर असो वा डी, १५ अक्षरं पदरात. 'नाइटवॉचमन'चंही तसंच. क्रिकेट बघणाऱ्या कुठल्याही पोराला हा शब्द येतो, पण जी-ए-एम आलं की एकालाही सुचत नाही, कारण जी मुका आहे आणि ए चक्क 'ऑ' झालाय. १३ अक्षरं.

'ज' होणाऱ्या जीचं उदाहरण तर तुमच्या वाटेवरच आहे. बस जुन्या गोव्यात शिरली की चर्चच्या आवारात पुरातत्त्व खात्याची पाटी दिसते. तिच्यावरचा 'आर्किऑलॉजिकल' वाचा: ओ-जी-आय-सी-ए-एल. जी, ए, एल, १४ अक्षरं, आणि तेही सरकारने स्वखर्चाने रंगवून दिलेले! ही शेपटी एकदा ओळखली की कुठल्याही 'लॉजी'ला लावता येते. हवामानशास्त्राचं 'मीटिऑरॉलॉजिकली' केलं की १६ होतात, आणि एल, वाय दोन्ही सीरिजना चालतं.

म्हणजे अक्षरं सुटी धरून शब्द आठवत बसू नका. जी आणि ए आधीच गाठ मारून आलेत असे तुकडे पाठ असू द्या, मग तिसरं अक्षर तेवढं बघायचं. टी किंवा एन आलं की 'गेशन'वाले शब्द: इन्व्हेस्टिगेशन, १३. बी आलं की 'गेबल': इनडिफॅटिगेबल, म्हणजे न थकणारा, १३. एफला ग्रॅण्डफादर आहेच. एमला 'ग्रॅम' धरून डायग्रॅमॅटिकली, १६. पी आणि एचला 'ग्राफ', आणि इथे माझा हुकमाचा एक्का: इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफ. डॉक्टर ईईजी काढायला सांगतात ना, त्याचं यंत्र. २१ अक्षरं. हा मी एका सुट्टीत एकदाच वापरतो, नाहीतर भाचा खेळायलाच येत नाही.

झेडला डिसऑर्गनायझेशन, १५. यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं, की शाळेत एस लिहायला शिकवतात. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत झेडचं स्पेलिंग आधी दिलेलं असतं, तेव्हा तुम्हीही ते खुशाल मान्य करा.

अवघड सीरिज दोन-चारच. क्यूला ग्रॅण्डिलोक्वंट, म्हणजे शब्दबंबाळ बोलणारा, १३ अक्षरं. 'के'ला मी बरेच दिवस अडलो होतो, 'गेटकीपर'च्या पुढे सरकेना. मग एकदा भूमिपूजनाच्या बातमीत 'ग्राउंडब्रेकिंग' दिसला. १४. व्हीला ग्रॅव्हिटेशनल, १३. एक्सची गोष्ट वेगळी. बाणस्तारीच्या पुलाअलीकडे ट्रॅफिक तुंबला होता, पुढच्या बसच्या पाटीवर एक्स. मी मनातल्या मनात 'गॅलेक्सी' पकडून गप्प बसलो होतो, सहा अक्षरांवर जिंकल्यात जमा. भाचा ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, इंजिनच्या गरम झाकणाला पाय लावून. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला, खालून करकर आवाज आला, आणि पोरगा ओरडला, "मामा, गिअरबॉक्स!" सात अक्षरं. वर 'गिअरबॉक्सेस' करून नऊ केली. तो शब्द आम्ही दोघंही तासभर पायाखाली घेऊन बसलो होतो.

आता यंत्राचं. वनलूक नावाची साइट आहे, तिथे तारा (* हे चिन्ह), जी, तारा, ए, तारा, के, तारा असं सलग टाइप केलं की त्या क्रमाचे शब्द येतात. तारा म्हणजे मध्ये काहीही. लांबीप्रमाणे लावून हवे असतील तर इनेबल ही शब्दयादी उतरवून घ्या. फुकट आहे, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द आहेत. एक्सेलच्या एका रकान्यात टाका, शेजारच्या रकान्यात लेनचा फॉर्म्युला लावून अक्षरं मोजा, मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि फिल्टरमध्ये वरचाच तारांचा साचा द्या. सगळ्यात लांब शब्द डोक्यावर येऊन बसतो. पण हे घरी करायचं, बसमध्ये नाही. आणि यादीतले पहिले पाच-दहा शब्द बहुधा असे असतात की ते कुणी कधी उच्चारले असतील असं वाटत नाही. आमच्याकडे नियम आहे: अर्थ सांगता आला तरच शब्द धरायचा. या एका नियमाने माझेच तीन शब्द बाद झाले, तेव्हा तो लावताना विचार करा.

जे सीरिजला क्रम सोडून द्या, उगाच पोरीला रडवू नका. क्रम सुटला की 'इंग' कामाला येतं: क्रियापदाला ते जोडलं की जी आपोआप मिळतो, आणि मग 'रीॲडजस्टिंग'सुद्धा चालतो, ११ अक्षरं.