वाचक विचारतात : ताचिकुईच्या मातीत एक मुक्काम

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त ओसाका येथे राहते. येत्या ऑक्टोबरमध्ये मी, माझे यजमान आणि सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत. शहरे पाहून होतीलच, परंतु एक रात्र खेड्यात राहावे, कुंभारकाम जवळून पाहावे, जमल्यास स्वतःच्या हाताने एखादे भांडे घडवावे आणि तिथले स्थानिक जेवण जेवावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. माशिको, बिझेन, शिगाराकी अशी अनेक नावे वाचनात आली आणि गोंधळ वाढला. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. एका रात्रीत हे सर्व साधेल का? आणि घडवलेले भांडे आम्हाला सोबत आणता येईल का?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यावर सगळा बेत अवलंबून आहे. आपण घडवलेले भांडे आपल्यासोबत येणार नाही. ओले भांडे सावलीत सावकाश वाळते, मग त्याची पहिली भाजणी होते, त्यानंतर त्यावर झिलई चढते आणि पुन्हा बाराशे अंशांच्या वरची दुसरी भाजणी होते. बहुतेक ठिकाणी या सगळ्याला महिना-दोन महिने लागतात. भांडे नंतर टपालाने घरी येते, मात्र परदेशी पाठवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते. आपली लेक ओसाकात आहे, हे आपले भाग्य. तिचा पत्ता द्यावा आणि पुढच्या सुट्टीत तिने ते घेऊन यावे. आणखी एक गोष्ट मनाशी धरून चाक फिरवावे : वाळताना आणि भाजताना ही माती साधारण दहा ते पंधरा टक्के आक्रसते. मी पहिल्यांदा भाताचा वाडगा म्हणून जे मोठ्या अभिमानाने घडवले होते, ते दोन महिन्यांनी खोक्यातून बाहेर आले तेव्हा त्यात जेमतेम चहा मावत होता. आजही मी त्यातून चहाच पिते.

आता जागेविषयी. माशिको हे गाव उत्तम आहे. 1924 मध्ये नामवंत कुंभार हामादा शोजी तिथे येऊन राहिले आणि रोजच्या वापराची भांडी करणाऱ्या त्या साध्या गावाचे नाव जगभर झाले. परंतु ते तोक्योच्या बाजूला आहे, ओसाकाहून एका रात्रीसाठी तिथे जाणे म्हणजे अर्धा वेळ गाडीत घालवणे. बिझेन सोयीचे आहे, कारण इन्बे स्थानकातून बाहेर पडताच कुंभारांची दुकाने सुरू होतात. मात्र तो भाग समुद्रालगतचा आहे, तिथल्या स्थानिक जेवणाचा कणा मासे आणि कालवे हा आहे आणि सासूबाईंची तिथे पंचाईत होईल. शिगाराकीलाही चाक फिरवायला मिळेल, पण शेतातले आणि भट्टीतले असे दोन्ही एकाच गावात पोटभर हवे असेल तर माझे मत ह्योगो प्रांतातील तांबा-सासायामा या गावाला आहे. (नाव ऐकून आपल्याला तांबे आठवते, परंतु त्या धातूशी याचा काही संबंध नाही. तिथली लोहयुक्त माती भाजल्यावर तांबूस होते, हा केवळ योगायोग.)

तांबा ही जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक. एचिझेन, सेतो, तोकोनामे, शिगाराकी आणि बिझेन या उरलेल्या पाच. मध्ययुगापासून आजपर्यंत खंड न पडता चालू असलेली म्हणून या सहा स्थळांना 2017 मध्ये ‘जपानचा वारसा’ हा सरकारी मान मिळाला. तांबाची भांडी ज्या ओढ्याकाठच्या वस्तीत घडतात तिचे नाव ताचिकुई. एका चिंचोळ्या खोऱ्यात पन्नासहून अधिक कुंभारघरे आहेत, समोर भातखाचरे आणि मागे डोंगर. रस्त्यावरून चालताना डोंगराच्या उतारावर कौलारू छपराखाली एक लांबलचक, कुबडी, मातीची आकृती पसरलेली दिसते; ती 1895 मध्ये बांधलेली चढती भट्टी. तिची लांबी 47 मीटर असून तिच्यात नऊ कक्ष आहेत. खालच्या तोंडाशी विस्तव पेटवला की उष्णता उतारावरून आपोआप वर चढते आणि एकेका कक्षातली भांडी भाजत जाते. बाजूच्या छिद्रांतून पाइनची बारीक लाकडे आत सोडत राहावे लागते. अशा भट्टीची भाजणी सुमारे साठ तास चालते आणि उष्णता 1300 अंशांपर्यंत जाते. लाकडाची राख उडून भांड्यांवर बसते, वितळते आणि मातीशी मिळून हिरवट काचेसारखे ओघळ तयार होतात. जुन्या तांबा रांजणांच्या खांद्यावर जो हिरवा ओघळ दिसतो तो कोणी हाताने लावलेला नसतो, तो राखेने स्वतः काढलेला असतो.

चाकाबाबत एक बारकावा पाहून घ्यावा. जपानात बहुतेक ठिकाणी कुंभाराचे चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ताचिकुईचे पायाने लाथाडून फिरवायचे जुने चाक मात्र उलटे, डावीकडे फिरते. आपल्याला शिकाऊ म्हणून बहुधा विजेचे चाक मिळेल किंवा हातानेच माती थापून वाटी घडवायला सांगतील. सासूबाईंना हा दुसरा प्रकार अधिक आवडेल असे वाटते. भाकरी थापण्याची सवय असलेला हात तिथे लवकर रुळतो. गावात ‘सुए नो सातो’ नावाचे कुंभारकामाचे केंद्र आहे, तिथे शिकण्याची सोय आहे आणि गावातल्या जवळपास सर्व भट्ट्यांची भांडी एका ओळीत मांडून विकायला ठेवलेली असतात. आधी तिथे फेरी मारावी, कोणाची भांडी मनात भरली ते पाहावे आणि मग त्याच कुंभाराच्या घरी जावे. जवळच 2005 मध्ये सुरू झालेले ह्योगो प्रांताचे मृत्तिकाकला संग्रहालय आहे; वेळ कमी पडला तर ते वगळावे, भट्टी वगळू नये.

जाण्यासाठी ओसाकाहून ताकाराझुका मार्गाच्या जलद गाडीने साधारण एका तासात आइनो स्थानक येते आणि तिथून बसने पंधरा-वीस मिनिटांत ताचिकुई. या बस मोजक्याच असतात. मी प्रथम गेले तेव्हा एका दिवसात परत येण्याचा आगाऊपणा केला होता. हात मातीने भरलेले असताना परतीची बस निघून गेली आणि पुढची बस येईपर्यंत थंडीत थांब्यावर बसून राहिले. मुक्काम करायचा तो यासाठी. आणि सकाळच्या धुक्यासाठीही. शरद ऋतूत या खोऱ्यात पहाटे इतके दाट धुके उतरते की समोरचे कौल दिसत नाही, आणि नऊ-दहाच्या सुमारास ते एकाएकी वर उचलले जाते. दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही.

आपण ऑक्टोबर निवडला आहे, हे जेवणाच्या दृष्टीने फार चांगले झाले. तांबा-सासायामाचे नाव काळ्या सोयाबीनसाठी आहे. याचे पक्व, काळेभोर, टपोरे दाणे नववर्षाच्या जेवणात साखरेत शिजवून खातात, परंतु ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून दोन-तीन आठवडे त्याच्या कोवळ्या शेंगा मिळतात. आपल्याकडे हुरड्याचे जसे मोजके दिवस असतात, तसेच हे दिवस. शेताच्या कडेला शेतकरी फांद्यांसकट जुड्या बांधून विकतात. घरी त्या मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि उकडलेल्या भुईमुगासारख्या सोलून खायच्या. नवख्या माणसाला या शेंगा डागाळलेल्या, शिळ्या वाटतात आणि आतले दाणे हिरवे नसून जांभळट असतात. तेच त्यांचे वैशिष्ट्य, आणि महिना सरत जातो तसे ते अधिक गडद व गोड होतात. हे पीक इथे का रुजले, त्याचे कारण सुखाचे नाही. या खोऱ्यात पाण्याची ओढ होती, म्हणून गावे एकत्र बसून ठरवीत की यंदा कोणत्या खाचरांना पाणी द्यायचे नाही. अशा कोरड्या ठेवलेल्या खाचरांत उंच वरंबे करून हे सोयाबीन घेतले जाऊ लागले. या शेतीपद्धतीला 2021 मध्ये जपानचा कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली.

शेंगांबरोबर त्याच दिवसांत मोठी चेस्टनट मिळतात. पुढे थंडी वाढली की डोंगरी कंद येतो, जो किसल्यावर चिकट, पांढरा होतो आणि गरम भातावर ओतून खातात. सासूबाई चातुर्मासात कंदमुळे वर्ज्य करीत असतील तर हे आधीच सांगून ठेवावे.

शाकाहाराबाबत मात्र मी स्पष्टच लिहिते, कारण इथे गैरसमजाने जेवण बिघडते. जपानी यजमानाला आपण ‘मांस नको, मासा नको’ असे सांगितले, तर तो प्रामाणिकपणे मांसाचे आणि माशाचे तुकडे काढून टाकतो. पण मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सार, भाज्यांची उकड, किसलेल्या कंदात मिसळलेले पाणी या सर्वांच्या मुळाशी ‘दाशी’ असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांपासून काढतात. त्याच्या लेखी तो मासा नसून चव असते. एका घरगुती निवासात माझ्यासमोर गरम टोफू आला आणि त्यावर लाकडाच्या भुशासारख्या कातळ्या वाफेने हलत होत्या. यजमानीण बाईंना त्यात काही वावगे वाटले नव्हते. म्हणून खोली राखून ठेवतानाच मुलीकडून लेखी कळवावे की दाशी फक्त कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, चालेल. तोंडी सांगायची वेळ आली तर ‘कात्सुओ-दाशी मो दामे देस’ एवढे वाक्य सासूबाईंनी पाठ करावे. किमान आठवडाभर आधी कळवले तर बहुतेक घरे आनंदाने तयारी करतात. दारात पोहोचल्यावर सांगितले तर भात, लोणचे आणि उकडलेल्या शेंगा यांवर भागवावे लागेल, जे तसे वाईट जेवण नव्हे.

मुक्कामासाठी सासायामाच्या जुन्या गढीगावात डागडुजी केलेली व्यापाऱ्यांची घरे आहेत. मारुयामा नावाची एक लहान वाडीही आहे : बारा घरांपैकी सात रिकामी पडली होती, तेव्हा 2009 पासून उरलेल्या गावकऱ्यांनी त्यांतील काही पाहुण्यांसाठी खुली केली. ताचिकुईपासून ही दोन्ही ठिकाणे थोडी दूर असल्याने लेकीने गाडी भाड्याने घेतली तर उत्तम. शेंगांच्या दिवसांत शनिवार-रविवारी रस्ते तुंबतात आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कुंभारगावातही गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जावे. 1609 मध्ये त्या वेळचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्या आज्ञेने बांधलेली गढी दुसऱ्या दिवशी वाटेत येईल, तासभर पुरे.

प्रश्न : आम्ही दोघे मांसाहारी आहोत आणि जानेवारीत कोबे येथे जाणार आहोत. या भागात रानडुकराचे जेवण मिळते असे ऐकले. ते खरोखर स्थानिक आहे की पर्यटकांसाठी सुरू केलेला प्रकार?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्थानिकच आहे. शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतो आणि जानेवारी हा ऐन भर असतो, कारण थंडीत जनावराच्या अंगावर चरबी चढलेली असते. मांसाचे पातळ काप ताटात बोतान म्हणजे पिओनीच्या फुलासारखे मांडतात, म्हणून या पदार्थाचे नाव बोतान-नाबे. मिसोच्या रश्श्यात मुळा, गोबो (एक लांबट कंदमूळ), मशरूम आणि टोफू यांच्यासह ते आपल्यासमोर शिजते. या मांसाची गंमत अशी की बराच वेळ उकळले तरी ते चिवट होत नाही, उलट मऊ होते. त्यामुळे घाई करू नये. वर सानशोची पूड भुरभुरतात, आणि तिथे कोकणी किंवा गोवेकर जीभ एकदम थबकेल, कारण सानशो ही आपल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण आहे. शेवटी उरलेल्या रश्श्यात नूडल्स किंवा भात घालतात. तो टप्पा चुकवू नये, पहिल्या वाढपात पोट भरू नये.

प्रश्न : माझ्याकडे तांबाचा एक वाडगा भेट म्हणून आला आहे. त्यात वरण-भात खाल्ला तर चालेल का? गॅसवर ठेवता येईल का?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : गॅसवर अजिबात ठेवू नये, आचेवरची मातीची भांडी वेगळ्या मातीची असतात आणि हा वाडगा एका क्षणात तडकेल. जेवायला मात्र जरूर वापरावा, तो त्यासाठीच आहे. वाडगा उलटा करून तळाचे कडे पाहावे. जपानी माणूस वाडगा उचलून, हातात धरून जेवतो, म्हणून त्या कड्याची उंची आणि आतला खोलगटपणा बोटांच्या मापाने ठरलेला असतो. पहिल्या वापराआधी तांदळाच्या धुवणात किंवा पेजेच्या पाण्यात मंद आचेवर, भांड्यात बुडवून, थोडा वेळ उकळावा आणि त्यातच निवू द्यावा. बारीक छिद्रे बुजतात. प्रत्येक वेळी वाढण्यापूर्वी साध्या पाण्यातून काढला तर डाग कमी धरतो. आतल्या बाजूला झिलई नसेल तर हळदीचा पिवळेपणा त्यात कायमचा मुरेल. माझ्या वाडग्यात तो मुरला आहे, आणि तो पाहून ताचिकुईच्या एका कुंभाराने ‘आता हा तुमचा झाला’ असे म्हणून तो परत माझ्या हातात दिला.