टीव्हीवरच्या माहितीपटांत बंदुका-तोफा दाखवतात, त्यातलं खरं किती?

इतिहासावरच्या माहितीपटांत बंदुका आणि तोफा चालताना दाखवतात, तशा त्या खरंच चालायच्या का, असं तुम्ही विचारलंय. मी शस्त्रांचा अभ्यासक नाही. देवगडकडे आमची कलमांची बाग आहे आणि घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. माझा अधिकार एवढाच. तीसुद्धा माकडं उठवायला नुसता बार काढण्यापुरती. (आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. निवडणूक आंब्याच्या हंगामात आली तर माकडांची चंगळ.)

सगळ्यात खोटा असतो तो वेळ. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, घोडा ओढून केप (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायची, तेव्हा कुठे बार. सरावलेल्या हातालाही अर्धा मिनिट सहज लागतो. पडद्यावरचा मावळा मात्र एकाच बंदुकीतून लागोपाठ तीन बार काढतो. आमचे आजोबा ते बघून एकदा म्हणाले, “अरे, पण ह्येनी भरल्यान कधी?”

आणि त्या मावळ्याच्या हातात बऱ्याचदा आमच्यासारखीच केपवाली बंदूक असते! केपा आल्या एकोणिसाव्या शतकात. शिवकाळात चालायची ती मुख्यतः तोड्याची बंदूक, म्हणजे जळती वात कानावरच्या, म्हणजे नळीच्या बुडाकडच्या बारीक भोकाजवळच्या, दारूला लावायची. कोकणातल्या पावसात ती वात पेटती ठेवणं ही केवढी कसरत असेल, त्यावर एखादा अख्खा भाग निघेल. पण ते कोणी दाखवत नाही.

धुराचंही तेच. काळ्या दारूचा एक बार झाला आणि वारा पडलेला असला, तर समोरचं कलमसुद्धा दिसत नाही. कॅमेऱ्याला नटाचा चेहरा हवा असतो, म्हणून धूर बेताचा.

तोफेचा गोळा पडला की आगीचा लोळ उठलाच पाहिजे, हा आणखी एक हट्ट. साधा गोळा भरीव लोखंडाचा. तो तट फोडेल, डोलकाठी मोडेल, पण स्वतः फुटत नाही. फुटायचे ते उखळी तोफांचे पोकळ गोळे, आणि ते होतेच. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा असाच एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला. त्या आगीत शेजारची गलबतं पेटत जाऊन आरमार जळालं. म्हणजे लोळ खोटा नाही, तो प्रत्येक गोळ्याला चिकटवणं खोटं.

आवाजाचं तर विचारूच नका. लांबच्या जहाजावर तोफेची ठिणगी आणि ‘धडाम’ एकाच क्षणी! आमच्याकडे काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा आधी धुरळा दिसतो, आवाज मागून येतो. किलोमीटरभर अंतराला सुमारे ३ सेकंद.

काही माहितीपटांत जुन्या बंदुकीची प्रतिकृती मैदानावर खरोखर उडवतात आणि तीच फीत संथ करून दाखवतात. ते जरूर बघा. कानावरची दारू भडकते आणि नळीतला बार त्यानंतर होतो, ही मधली फट त्यात स्पष्ट दिसते.