बिनअधिकाराची खुर्ची

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वडिलांच्या मागे वाचनालयाचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, ठराव सगळे कार्यकारिणी करते, आपण हार घालायचे नि सह्या करायच्या, ही तुझी तक्रार. अशाच खुर्चीत सत्तर वर्षं बसलेल्या एका बाईबद्दल लिहितो. ब्रिटनची राणी, दुसरी एलिझाबेथ. (राजेशाहीचं मला प्रेम नाही, तुला ठाऊकच आहे.)

गादी तिनेही मागितली नव्हती. १९३६ साली काकांनी ती सोडली आणि वारसा हिच्या घरात आला. ६ फेब्रुवारी १९५२ ला वडील गेले तेव्हा ही केनियात होती, वय २५. कायदे संसदेचे, कारभार पंतप्रधानांचा. हिच्याकडे उरले तीन हक्क: सल्ला विचारला जाण्याचा, धीर देण्याचा आणि सावध करण्याचा. पण सरकारी कागदांच्या लाल पेट्या यायच्या, त्या ती खरोखर वाचायची. आठवड्याला पंतप्रधान भेटायला येत. खोलीत तिसरं माणूस नाही, टिपण नाही. हॅरॉल्ड विल्सन तर पायउतार होताना म्हणाले, राणीकडे जाण्याआधी अभ्यास करून जा, असं मी माझ्या वारसाला सांगेन. चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत असे पंधरा जण तिने पाहिले. सभेचं इतिवृत्त तू सही करण्याआधी वाचतोस का रे? मी कार्यवाह होतो तेव्हा तुझे वडील वाचायचे, म्हणून माझे हिशेब वेळेवर लिहून व्हायचे. ते नसते तर झाले नसते.

चुकलीही ती. २१ ऑक्टोबर १९६६, वेल्समधलं ॲबरफॅन गाव. कोळसा खाणीच्या राडारोड्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. नवरा दुसऱ्याच दिवशी तिथे पोचला, ही मात्र आठव्या दिवशी. आपल्या सरबराईत माणसं अडकतील, शोधकार्य खोळंबेल, असा तिचा विचार होता म्हणतात. विचार चुकीचा नव्हता, पण गावाला तेव्हा विचार नको होता. ही चुटपुट तिला जन्मभर लागली, असं तिच्या एका माजी सचिवांनी पुढे सांगितलं. त्या गावी ती नंतर आणखी तीनदा गेली.

१९९७ मध्ये जालियनवाला बागेत मात्र बूट काढून, पुष्पचक्र वाहून, मान झुकवून परतली. माफीचा शब्द नाही. तो शब्द मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय तिला उच्चारता आला नसता, हे मला कळतं. पटत नाही. बिनअधिकाराच्या खुर्चीत अशी आडोशाची जागाही असते, तीही बघून ठेव.

आपल्या जुन्या शिपाईमामांची बायको गेल्या महिन्यात गेली. मी परवा जाऊन आलो. तू अजून आलेला नाहीस, असं ते म्हणाले नाहीत. मीच विचारलं, तू येऊन गेलास का. रविवारी ते घरीच असतात.