साडेतीन जीबीचा ‘नमस्कार’

प्रश्न : ताई, मी सांगलीतल्या एका छापखान्यात प्री-प्रेसचं काम बघतो. आमची पानं रोज रात्री पुण्यातल्या सर्व्हरवर एसएफटीपीने (फाइली सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीने) जातात. सर्व्हर उबुंटू लिनक्सचा आहे. पाडव्यापासून एकही फाइल जात नाही. पासवर्ड घेतला जातो आणि लगेच ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग ३७६८८८७५२०’ असं येऊन जोडणी तुटते. त्याच पासवर्डने एसएसएच लॉगिन (दूरच्या सर्व्हरवर आदेश द्यायला करतो ते) मात्र व्यवस्थित होतं. नेटवाले म्हणाले, पॅकेटचा साइज कमी करा. केला. राउटर बदलला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. सध्या आमचा एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन रात्रीच्या एसटीने पुण्याला जातोय. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जुना राउटर परत लावा, नेटवाल्यांना मोकळं करा आणि त्या मुलाला आज रात्री घरी झोपू द्या. दोष कुठे आहे ते तुमच्या मेसेजमधल्या आकड्यातच लिहिलेलं आहे. तुम्ही तो पूर्ण उतरवून पाठवलात याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक जण ‘काहीतरी लाँग-बिंग एरर येतोय’ एवढंच कळवतात, आणि मग पुढचे आठ दिवस अंदाजात जातात.

एसएफटीपीत दोन्ही बाजू एकमेकींना जे संदेश पाठवतात, त्या प्रत्येकाच्या सुरुवातीला चार बाइट असतात आणि त्यांत पुढचा संदेश किती लांब आहे ते लिहिलेलं असतं. जोडणी झाली की तुमचा प्रोग्राम आपली आवृत्ती सांगतो आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतो. खरं उत्तर अगदी छोटं असतं. ओपनएसएसएच या एसएसएच-एसएफटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका संदेशाची कमाल मर्यादा आहे २,६२,१४४ बाइट. तुमच्या प्रोग्रामने पहिले चार बाइट वाचले आणि त्यांचा अर्थ लावला, की पुढे साडेतीन जीबीचा संदेश येतोय. एवढा मोठा संदेश नियमात बसत नाही, म्हणून त्याने जोडणी तोडली. त्याचं काहीच चुकलं नाही. ते चार बाइट लांबीचे नव्हतेच. सर्व्हरचं उत्तर यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं होतं, आणि प्रोग्रामने त्यालाच लांबी समजून वाचलं.

ते काय होतं, हे आकडा उलगडला की कळतं. कॅल्क्युलेटर घ्या. ३७६८८८७५२० ला २५६ ने भागा, बाकी टिपून ठेवा, भागाकाराला पुन्हा २५६ ने भागा, असं शेवटपर्यंत करा. बाक्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या की मिळतात २२४, १६४, १६८, २२४. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १२८ च्या आत असतात, म्हणजे हा मजकूर इंग्रजी नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. त्यातला पहिला कायम २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. २२४-१६४-१६८ म्हणजे ‘न’. शेवटचा २२४ ही पुढच्या देवनागरी अक्षराची सुरुवात.

मी या वाचकांना एवढंच कळवलं, की तुमच्या सर्व्हरवर कुणीतरी मराठीत एक ओळ छापायला लावली आहे, ती ‘न’ने सुरू होते आणि पाडव्याच्या सुमारास घातलेली आहे. त्यांनी त्या खात्याची डॉट-बॅशआरसी ही फाइल उघडली. सर्व्हरवर आदेश चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल, आणि ‘बॅश’ हे शेल सुरू होताना ही फाइल वाचतं. अगदी वरच्या ओळीत होतं : ‘नमस्कार मंडळी, नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा!’

आता एसएसएच का चालत होतं, ते बघू. ‘लॉगिन होतंय म्हणजे सर्व्हर ठीक आहे’ हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं, आणि सगळा तपास तिथेच नेटवर्कच्या दिशेने भरकटतो. लॉगिन केल्यावर समोर माणूस असतो. नमस्कार दिसतो, तो वाचतो आणि कामाला लागतो. एसएफटीपीतही सर्व्हर तेच शेल सुरू करतो आणि त्याच्याकडून फाइल देणारा-घेणारा प्रोग्राम चालवून घेतो. बॅशला आपण एसएसएचमार्फत सुरू झालो आहोत असं दिसलं, की समोर माणूस नसला तरी ते डॉट-बॅशआरसी वाचतं. तिथली छापायची ओळ त्याच वाटेने बाहेर पडते जिथून एसएफटीपीचे संदेश जातात. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये सुरुवातीलाच एक तपासणी असते : समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. तुमच्याकडची शुभेच्छा त्या तपासणीच्याही वर लिहिली गेली. खाली असती तर काही बिघडलं नसतं. रेडहॅट लिनक्सच्या घराण्यातल्या सर्व्हरांवर ही तपासणी आयती मिळत नाही, ती आपण घालायची.

खात्री करून घ्यायची रीत सोपी आहे. एसएसएचने सर्व्हरला जोडताना लॉगिन न करता शेवटी ‘ट्रू’ हा आदेश द्या आणि जे बाहेर येईल ते एका फाइलमध्ये वळवा. ट्रू काहीच छापत नाही. म्हणून फाइलचा आकार शून्य बाइट असला पाहिजे. पडद्यावर नुसतं बघून समाधान मानू नका, कारण एखादी कोरी ओळ डोळ्यांना दिसत नाही आणि एसएफटीपी तेवढ्यानेही अडतं. आकार शून्य नसेल तर फाइलमध्ये नेमकं काय आलंय ते समोर असतंच. खात्याच्या फाइलमध्ये काही सापडलं नाही तर ईटीसी फोल्डरमधली सगळ्यांसाठीची बॅशआरसी बघा.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर अशा आकड्यांचा एक कागद चिकटवलेला आहे. १४६६२६४६७५ म्हणजे इंग्रजी ‘वेलकम’ची पहिली चार अक्षरं. १५००४७६७८६ म्हणजे ‘युवर’, बहुधा ‘युवर पासवर्ड’ अशी सूचना. १६७७७२१६० म्हणजे एक कोरी ओळ आणि तिच्यामागून आलेल्या खऱ्या संदेशाचे तीन शून्य बाइट. आणि आकडा ३७६८८ किंवा ३७६८९ ने सुरू होणारा दहा अंकी असेल, तर सुरुवातीला देवनागरी आहे हे नक्की. ‘स्वागत’ लिहिलं असतं तर तुम्हाला ३७६८८९१६१६ दिसलं असतं. तुम्हीही हा कागद करून ठेवा. ओपनएसएसएचच्या नव्या आवृत्त्या या मेसेजखाली शेलच्या छापण्याकडे लक्ष द्या अशी एक ओळही देतात, पण कुठली ओळ गुन्हेगार आहे ते आकडाच सांगतो.

दुरुस्ती करताना ती शुभेच्छा खोडून टाकू नका. कुणीतरी आपल्या सर्व्हरवर आपल्या भाषेत चार शब्द लिहिले, ते राहू देत. फक्त जागा बदला. ईटीसी फोल्डरमधल्या एमओटीडी या फाइलमध्ये ती ओळ ठेवली की माणसाने लॉगिन केल्यावरच दिसते, फाइलींच्या वाटेत येत नाही.

एक गोष्ट आणखी करा असं मी आग्रहाने सांगेन. छापखान्याचं खातं फक्त फाइलींसाठी असेल तर सर्व्हरवर एसएसएचच्या जोडण्या घेणाऱ्या एसएसएचडी या प्रोग्रामच्या मांडणीत त्या खात्याला ‘इंटर्नल-एसएफटीपी’ची सक्ती लावा. मग मध्ये शेल येतच नाही. डॉट-बॅशआरसीत कुणी काहीही लिहिलं तरी पानं जातील, आणि पासवर्ड बाहेर फुटला तरी त्या खात्यातून सर्व्हरवर आदेश चालवता येणार नाहीत. मांडणी बदलल्यावर एसएसएचडीला लहान ‘टी’ हा पर्याय देऊन ती आधी तपासून घ्या, आणि नवं लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय जुनी खिडकी बंद करू नका. पुण्याचा सर्व्हर सांगलीतून बंद पडला तर पुन्हा एसटीच.

प्रश्न : नमस्कार मॅडम. लॅपटॉप अपडेट केल्यापासून माझ्या ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर टाकायची लिनक्स प्रणाली) राउटरवर एससीपीने फाइल टाकता येत नाही. ‘एसएफटीपी-सर्व्हर नॉट फाउंड’ असं येतं. मी तर एसएफटीपी वापरतच नाही! मित्र म्हणतो, ओपनएसएसएचची जुनी आवृत्ती टाक. टाकू का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नको. जुनी आवृत्ती टाकलीस तर गेल्या काही वर्षांत बुजवलेली भोकं पुन्हा उघडतील, आणि त्यातलं एक नेमकं एससीपीतच होतं.

एससीपी हा आरसीपीचा, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाइल नकलण्याच्या जुन्या आदेशाचा, वंशज. आरसीपी आलं १९८३ साली, बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर. तेव्हा एका संस्थेतली यंत्रं एकमेकांवर विश्वास ठेवायची. एसएसएच १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालं तेव्हा त्याने वाट कुलूपबंद केली, पण त्या वाटेवरची बोलण्याची पद्धत आरसीपीचीच राहिली. त्या पद्धतीत तू एक फाइल मागतोस आणि सर्व्हर ‘ही घे, हिचं नाव अमुक’ असं सांगून पाठवतो. मागितलेलं नाव आणि आलेलं नाव एकच आहे का, हे तुझ्या बाजूचा प्रोग्राम नीट बघत नसे. एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीच्या हॅरी सिन्टोनेन यांनी हे ऑगस्ट २०१८ मध्ये कळवलं आणि जानेवारी २०१९ मध्ये ते जाहीर झालं. सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतली त्याची नोंद सीव्हीई-२०१९-६१११. तू एखादी पीडीएफ मागावीस आणि फितूर सर्व्हरने तुझ्या होम फोल्डरमध्ये शेलची एखादी फाइल गुपचूप ठेवावी, पुढच्या वेळी टर्मिनल उघडलंस की ती चालावी, इतकं ते सरळ होतं. सांकेतिकरणात काहीही दोष नव्हता. वाटेतल्या चोराला काही मिळत नव्हतं, धोका पलीकडच्या टोकाला होता.

ओपनएसएसएचच्या एप्रिल २०१९ च्या ८.० आवृत्तीत नाव जुळवून बघायची सोय आली. पण ‘तारांकित’ नावं, म्हणजे एका चिन्हाने अनेक फाइली मागणं, हे सर्व्हरचं शेल सोडवतं. त्याचं उत्तर काय येईल ते इकडे बसून बिनचूक ताडणं शक्य नाही. म्हणून ही तपासणी बंद करायला मोठा ‘टी’ असा पर्यायही द्यावा लागला. जुन्या पद्धतीत राहून हा दोष मुळातून जाणार नव्हता. शेवटी ८ एप्रिल २०२२ च्या ९.० आवृत्तीत एससीपीचं नाव आणि आदेश तेच ठेवून आत एसएफटीपी बसवलं. माझ्या मते हा फार धाडसी आणि योग्य निर्णय होता. जगभरच्या स्क्रिप्ट्स अडखळणार हे माहीत असूनही त्यांनी तो घेतला.

तुझ्या राउटरवर ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर आहे, त्याच्यासोबत एसएफटीपी-सर्व्हर येत नाही. जागा असेल तर राउटरवर ओपनएसएसएच-एसएफटीपी-सर्व्हर हे पॅकेज टाक. जागा नसेल तर एससीपीला मोठा ‘ओ’ दे, म्हणजे तेवढ्यापुरती जुनी पद्धत वापरली जाईल. स्वतःच्या राउटरसाठी चालेल, परक्या सर्व्हरसाठी ती सवय लावून घेऊ नकोस.

आणि तुझ्या स्क्रिप्टमध्ये मोकळी जागा असलेल्या फाइलनावांना अवतरणांच्या आत पुन्हा अवतरणं घातली असतील तर ती जादाची काढ. पूर्वी ती सर्व्हरच्या शेलसाठी लागत. आता त्यांच्यामुळेच फाइल सापडत नाही.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रिपोर्ट एसएफटीपीने सर्व्हरवर जातात आणि तिथला प्रोग्राम ते लगेच उचलतो. कधीकधी अर्धाच रिपोर्ट उचलला जातो. ट्रान्सफरमध्ये बग आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ट्रान्सफर अजून चालू असतानाच तुमचा प्रोग्राम फाइल उघडतो आहे. एसएफटीपीने जाणारी फाइल सर्व्हरवर पहिल्या बाइटपासूनच दिसायला लागते. ती पूर्ण झाली का, हे फोल्डरकडे बघून कळत नाही. रुग्णाचा अर्धा रिपोर्ट ही किरकोळ गोष्ट नाही, तेव्हा हे आजच बदला.

फाइल आधी वेगळ्या नावाने चढवा, शेवटी ‘डॉट-पार्ट’ असं काही जोडून, आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदला. एकाच डिस्कवरच्या एकाच विभागात नाव बदलणं एका झटक्यात होतं. त्यामुळे प्रोग्रामला एकतर फाइल दिसतच नाही किंवा पूर्ण दिसते. प्रोग्रामला सांगून ठेवा, की ‘डॉट-पार्ट’वाल्या फाइलींना हात लावायचा नाही. विनएससीपी हा विंडोजवरचा प्रोग्राम वापरत असाल तर १०० केबीवरच्या फाइलींसाठी तो हे आपणहून करतो, ‘डॉट-फाइलपार्ट’ नावाने. तुमचे रिपोर्ट बहुधा त्याहून लहान असतील, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याच फाइलींसाठी तात्पुरतं नाव चालू करा.

मध्येच तुटलेली फाइल पुढून चालू करायचा पर्याय एसएफटीपीत आहे, लहान ‘ए’. रिपोर्टसाठी तो वापरू नका. आधी चढलेला भाग आणि तुमच्याकडची फाइल एकच आहे का, हे तो तपासत नाही. मध्यंतरी लॅबमध्ये रिपोर्ट दुरुस्त झाला असेल तर जुन्याचा वरचा भाग आणि नव्याचा खालचा भाग एका फाइलमध्ये जोडला जाईल. लहान फाइल आहे, पहिल्यापासून पाठवा, आणि दोन्ही टोकांना शा-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, काढून ते जुळल्यावरच नाव बदला.